‘मी अडाणी माणूस, लोक म्हणतात ते सांगतो’ : अशा उमेदवाराची जबाबदारी कुठून सुरू होते?

आपला प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे उत्तर नेमके कशाला आहे हे इतर वाचकांनाही कळेल. आपण सिंहगड रस्त्याच्या बाजूला, पुणे महापालिकेत अलीकडे समाविष्ट झालेल्या एका गावात राहता आणि शाळेत शिकवता. आपल्या भागातून एक उमेदवार उभे आहेत, ज्यांना लहानथोर सगळेच ‘नाना’ म्हणतात. रात्री-अपरात्री दवाखान्यासाठी गाडी काढणारा, उन्हाळ्यात टँकर मिळवून देणारा, पारावर बसून लोकांच्या भाषेत बोलणारा हा माणूस आहे. त्यांनी कोपरा सभेत दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी, की पालिका पाण्यात टाकते त्या पावडरीने पोरासोरांना पुढे मूलबाळ होत नाही. दुसरी अशी, की समोरचा उमेदवार टँकरमागे हप्ता खातो. आपण सभेनंतर पुरावा विचारलात, तेव्हा नाना हसून म्हणाले, ‘मास्तर, मी सातवी पास माणूस, लोक म्हणतात ते सांगतो.’ भोवतीचे सगळे हसले आणि आपणच खुसपटे काढणारे ठरलात. आता आपण विचारता, की नानांना स्वतःलाच हे खरे वाटत असेल तर त्यांना जबाबदार धरणे न्याय्य आहे का, आणि धरायचे तर कसे?

मी पुण्यात वकिली करते. निवडणुकीच्या दिवसांत उमेदवारांची पत्रके आणि भाषणांची टिपणे छपाईपूर्वी तपासून देणे हे माझे नेहमीचे काम आहे, आणि निकालानंतर याचिका घेऊन येणाऱ्यांचीही कागदपत्रे मी पाहते. त्या अनुभवावरून माझे मत आधीच सांगून टाकते : नाना जबाबदार आहेत, आणि त्यांच्या गावरान साधेपणाने ती जबाबदारी कमी न होता वाढते. मात्र कायद्याच्या हाताला यातले फार थोडे लागते. आपल्याला वाटते त्यापेक्षा ते बरेच थोडे आहे, म्हणून उरलेले काम आपल्यासारख्या जवळच्या माणसांवर येते.

एक गैरसमज प्रथम दूर करायला हवा. दोष त्या बोलीचा नाही. गाडगेबाबा वऱ्हाडी बोलीत, श्रोत्यांना प्रश्न विचारत, त्यांच्याच तोंडून उत्तरे काढत कीर्तन करत. आणि ते सांगत काय, तर गाव झाडा, कर्ज काढून सण करू नका, देवापुढे बकरे कापू नका, मुलांना शाळेत घाला. सत्यशोधक जलशांनीही तमाशाच्याच ढंगात लोकांना विचार करायला लावले. त्यामुळे ‘हा माणूस असा बोलतो म्हणून लोक फसतात’ अशा सुरात आपण काही म्हणालात, तर पहिल्याच वाक्याला श्रोते गमावाल, आणि ते योग्यच होईल. शुद्ध, पुस्तकी मराठीत धडधडीत खोटे बोलणारे उमेदवार मी पुष्कळ पाहिले आहेत.

दुसरे म्हणजे, नानांच्या पहिल्या विधानाखाली एक खरी जखम आहे. 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावे महापालिकेत आली. करआकारणी आली, पण पुरेसे शुद्ध पाणी सगळीकडे त्या वेगाने आले नाही, आणि अनेक घरे आजही टँकरवर अवलंबून आहेत. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गुइलेन-बॅरे सिंड्रोमचे, म्हणजे आपण जीबीएस म्हणतो त्या मज्जातंतूंच्या आजाराचे, रुग्ण वाढले तेव्हा पाण्याविषयीची भीती घराघरांत शिरली. अशा लोकांना कोणी ‘तुमच्या पाण्यात काहीतरी घोळ आहे’ असे सांगितले, तर ते वेडे म्हणून विश्वास ठेवत नाहीत. घोळ असल्याचा त्यांचा अनुभवच आहे. नानांनी त्या खऱ्या तक्रारीवर एक खोटे कारण चिकटवले आहे. आणि हे कारण नेमके उलट्या दिशेला नेणारे आहे, कारण दूषित पाण्यातले जंतू मारण्यासाठीच ती पावडर टाकतात.

तिची माहिती आपल्याला उपयोगी पडेल म्हणून थोडे थांबून सांगते. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर पाण्यात विरघळली, की तिच्यातला क्लोरीन जंतूंवर खर्च होतो आणि काही अंश शिल्लक राहतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार नळाशी हा शिल्लक क्लोरीन लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम असावा. ग्रामपंचायतीच्या काळात आरोग्यसेवक घरी येऊन काचेच्या नळीत पाणी घेत आणि ओटी द्रावणाचे थेंब टाकत, ते आपल्या गावातील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. पाणी पिवळसर झाले तर क्लोरीन आहे, रंग आला नाही तर नाही, इतकी ती साधी तपासणी आहे. या प्रमाणातल्या क्लोरीनने वंध्यत्व येते याला वैद्यकीय आधार नाही. पावडर जास्त पडली तर वास येतो, चव बिघडते, आणि त्याबद्दल तक्रार जरूर करावी. परंतु पावडरीला घाबरून एखादे कुटुंब तपासणी न झालेल्या कूपनलिकेचे पाणी लहान मुलाला पाजू लागले, तर त्याचे परिणाम कोणी भोगायचे? नानांच्या वाक्याची किंमत त्या घरात मोजली जाते, सभेत नाही. माझ्या दृष्टीने त्यांच्या दोन विधानांपैकी हेच अधिक गंभीर आहे. कायदा मात्र याच्या बरोबर उलट क्रम लावतो.

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951 च्या कलम 123(4) नुसार, उमेदवाराने, त्याच्या प्रतिनिधीने किंवा त्याच्या संमतीने दुसऱ्या कोणी, एखाद्या उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याविषयी वा वर्तनाविषयी खोटे तथ्यात्मक विधान प्रसिद्ध केले, आणि ते त्या उमेदवाराच्या निवडून येण्याच्या शक्यतेला बाधा आणेल असे असले, तर ते भ्रष्ट आचरण ठरते आणि निवडून आलेल्याची निवडणूक रद्द होऊ शकते. ‘समोरचा हप्ता खातो’ हे विधान या चौकटीत बसू शकते. आता आपल्या शंकेला थेट लागू पडणारा भाग पाहा. विधान खोटे आहे असे बोलणाऱ्याला माहीत असले पाहिजे, एवढेच कलम म्हणत नाही. ते खरे आहे असा त्याचा विश्वास नसला तरी पुरे आहे, असे म्हणते. म्हणजे खरे-खोटे काहीही असो, आपल्याला टाळ्या मिळाल्याशी कारण, या वृत्तीने बोललेलेही कायद्याच्या कक्षेत येते. प्रामाणिकपणे खरे मानून बोललेले मात्र सुटते. त्यामुळे नानांच्या मनात काय होते, हाच वादाचा मुद्दा होतो.

‘लोक म्हणतात’ किंवा ‘मी नाही, दुसरा बोलला’ हा बचाव वाटतो तेवढा भक्कम नाही. राजस्थानातल्या 1962 च्या विधानसभा निवडणुकीतून कुमारानंद विरुद्ध ब्रिजमोहनलाल शर्मा हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. उमेदवार अध्यक्षस्थानी असलेल्या सभेत एकाने कविता म्हटली आणि तीत प्रतिस्पर्ध्याला सर्वांत मोठा चोर म्हटले होते. कवीचा त्यावर विश्वास होता की नव्हता हे पाहायचे नसून उमेदवाराचा विश्वास काय होता हे पाहायचे, असे न्यायालयाने सांगितले, आणि कवितेत आहे म्हणून ते तथ्याचे विधान नव्हे, हे म्हणणेही टिकले नाही. आपल्याकडे शाहीर, भारुड, वासुदेव, विनोदी एकपात्री असे सगळे प्रचारात उतरवतात. मी प्रत्येक वेळी उमेदवाराला हा खटला सांगते. विलेपार्ल्याच्या 1987 च्या पोटनिवडणुकीत विषय वेगळा होता, धर्माच्या आधारे मते मागण्याचा. पण तिथेही प्रचारातली शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांची भाषणे निवडून आलेल्या रमेश प्रभू यांना भोवली आणि त्यांची निवडणूक रद्द झाल्याचा निर्णय 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केला. व्यासपीठ आपले असेल, तर त्यावरून बोलले गेलेले सहजी झटकता येत नाही.

पावडरीचे विधान मात्र कोणाच्या चारित्र्याविषयी नाही, त्यामुळे ते 123(4) मध्ये बसत नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम 175 निवडणुकीतल्या खोट्या विधानासाठी आहे. तेही उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्यापुरते, आणि शिक्षा फक्त दंडाची. कलम 353 अफवांसाठी आहे, पण त्यात सार्वजनिक शांतता बिघडणे, समूहांत वैर निर्माण होणे असे परिणाम किंवा तसा हेतू लागतो. नळाच्या पाण्याविषयीची भीती त्यात ओढूनताणूनच बसवावी लागेल. आदर्श आचारसंहिता शहानिशा न केलेले आरोप टाळा असे सांगते, तेही इतर पक्ष आणि त्यांचे कार्यकर्ते यांच्यावरील टीकेसंदर्भात. थोडक्यात, प्रतिस्पर्ध्याची बदनामी केली तर कायदा जागा होतो, आणि अख्ख्या गावाच्या आरोग्याविषयी चुकीचे सांगितले तर बहुतेक झोपलेला असतो. ‘सार्वजनिक हिताविषयी खोटे बोलणे’ असा सरसकट गुन्हा करावा, असे मात्र मला वाटत नाही. तो हातात आला, की सर्वांत आधी सत्तेवर बसलेला तो विरोधकांवर वापरेल.

इथे परिस्थितीवर अवलंबून असलेल्या बाबी नोंदवते, कारण आपल्या प्रश्नात त्या आलेल्या नाहीत. वरचे 123(4) विधानसभा आणि लोकसभेला लागू आहे. निवडणूक महापालिकेची असेल, तर राज्य निवडणूक आयोग आणि महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम यांचा विचार करावा लागेल. दोन्हींतली मुदतही वेगळी आहे : विधानसभेसाठी निकालापासून 45 दिवसांत उच्च न्यायालयात याचिका करायची असते आणि ती साध्या मतदारालाही करता येते, महापालिकेसाठी निवडून आलेल्यांची यादी प्रसिद्ध झाल्यापासून अवघे 10 दिवस मिळतात. ती सभा नानांनी अर्ज भरण्यापूर्वीची असेल, तर भ्रष्ट आचरणाचा मुद्दा बहुधा उभाच राहणार नाही, कारण कायद्याच्या लेखी ते तेव्हा उमेदवार नव्हते. नाना हरले, तर रद्द करायला निवडणूकच उरत नाही. आपण ओझरते लिहिले आहे की नानांच्या पुतण्याचे टँकर आहेत. ते लक्षात ठेवा, पण तेवढ्यावरून हेतू सिद्ध झाला असे चारचौघांत बोलू नका. तसे केलेत, तर पुराव्याशिवाय आरोप करण्याचे नानांचेच काम आपण कराल, आणि आपल्यावर बदनामीची नोटीस येऊ शकते ती वेगळीच.

आता त्या ‘अडाणी माणूस’ या ढालीकडे येते. माझ्याकडे येणारे असे उमेदवार सातवी पास असतील, पण सातबारा आणि फेरफार ते माझ्यापेक्षा लवकर वाचतात. कोणत्या वाड्यात किती मते, कोणाची सून कोणत्या गावची, आरक्षणाची सोडत कशी फिरेल, हे सारे त्यांना तोंडपाठ असते. उसने दहा हजार देण्यापूर्वी ते चार ठिकाणी चौकशी करतात. म्हणजे शहानिशा कशी करायची हे त्यांना चांगले माहीत असते. सभेतल्या वाक्यासाठी ती करावीशी वाटत नाही, एवढेच. एका उमेदवाराचे उदाहरण देते. त्यांना सभेत सांगायचे होते की प्रतिस्पर्ध्याने गावाचे गायरान विकून खाल्ले. मी उतारा मागितला. ते म्हणाले, ‘मॅडम, सभेत सातबारा कोण बघतंय?’ तरी कार्यकर्त्याला तलाठ्याकडे पाठवले. उताऱ्यावर सरकारचेच नाव होते आणि विक्रीचा एकही फेरफार नव्हता. पण त्या शोधात ग्रामसभेच्या जुन्या ठरावाची नक्कल हाती आली. गायरानाच्या एका तुकड्यावर व्यायामशाळा बांधायचे ठरले होते आणि जागेवर गवत होते. उमेदवाराने मग सभेत तो ठराव क्रमांकासकट वाचला आणि विचारले, ‘कुणी जोर काढून आलंय का त्या तालमीत? आलं असल तर दंड दाखवा.’ लोक खो-खो हसले. विकल्याच्या आरोपाला एवढी दाद मिळाली नसती असे त्यांनी नंतर स्वतःहून सांगितले. ही गोष्ट मी नंतरच्या अनेक उमेदवारांना ऐकवली आहे. कारण ‘खरे बोललो तर भाषण पडेल’ ही त्यांची खरी भीती असते आणि ती बव्हंशी निराधार आहे.

जबाबदारी कुठून सुरू होते, याचे माझ्यापुरते उत्तर याच व्यवहारातून आले आहे. पहिल्यांदा ऐकीव गोष्ट बोलून गेलेल्या माणसाला मी निष्काळजी म्हणेन, खोटारडा म्हणणार नाही. त्याला कोणी नीट, पुराव्यासह, लेखी सांगितले, आणि तरीही पुढच्या चौकात तो तेच बोलला, की ‘मला खरे वाटले’ हे म्हणण्याचा त्याचा हक्क संपतो. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत भारत निवडणूक आयोगाने पक्षांना बनावट ध्वनिचित्रफितींबाबत सूचना दिली, तिचाही रोख असाच होता : असा मजकूर लक्षात आणून दिल्यापासून तीन तासांत काढायचा. आणि नानांसारख्यांना हा नियम मी अधिक कडकपणे लावते. लोक त्यांचे म्हणणे तपासत नाहीत, कारण रात्री गाडी काढणारा माणूस आपल्याशी खोटे बोलणार नाही असे त्यांनी गृहीत धरलेले असते. तो विश्वास नानांनी खरोखर कमावलेला आहे. तोच वापरून न तपासलेली गोष्ट खपवायची आणि जाब विचारला की अडाणीपणाच्या आड बसायचे, हे दोन्ही एकाच माणसाला शोभत नाही.

म्हणून आपण पहिले काम हे करा की नानांना पत्र लिहा. समाजमाध्यमावर टाकू नका, तिथे टाकले की नाना माघार घेऊ शकत नाहीत. पत्र एक पानाचे, आदराचे असावे. सुरुवातीला पाण्याची तक्रार खरी असल्याचे मान्य करा आणि टँकरसाठी त्यांनी केलेल्या धावपळीचा उल्लेख करा, कारण ती खरी आहे. मग सभेची तारीख, ठिकाण आणि त्यांचे वाक्य जसेच्या तसे लिहा, आणि वस्तुस्थिती चार ओळींत मांडा. जवळच्या आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांचे लेखी मत मिळाले तर जोडा. शेवटी एकच विनंती करा, की पुढच्या सभेत हे वाक्य वगळावे आणि त्याऐवजी आपल्या वस्तीच्या नळाची क्लोरीन तपासणी सर्वांसमोर करून घ्यावी अशी मागणी पालिकेकडे करावी. ही मागणी नानांना सोयीची आहे. त्यांना पालिकेला धारेवर धरता येते, लोकांना रंग डोळ्यांनी दिसतो, आणि ‘मी चुकलो’ असे जाहीर म्हणावे लागत नाही. शक्य असेल तर पत्र एकट्याने देऊ नका. नाना ज्यांचा शब्द मोडत नाहीत असे कोणी भजनी मंडळात वा सोसायटीत असेल, त्यांना बरोबर घ्या.

हप्त्याच्या आरोपाबाबत आपण पुढाकार घेण्याचे कारण नाही. ज्याच्यावर आरोप झाला त्याच्या हाती बदनामीची फिर्याद आहे आणि निवडणूक अधिकाऱ्याकडे तक्रारही आहे. आपल्याकडे सभेचे चित्रण असेल, तर ते जपणे एवढे मात्र करा. मूळ फाइल ज्या मोबाइलमध्ये काढली त्यातच राहू द्या, व्हॉट्सॲपवरून फिरवलेली प्रत न्यायालयात फार टिकत नाही. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी प्रमाणपत्र लागते. पूर्वी ते पुरावा कायद्याच्या कलम 65ब खाली होते, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली आहे. जालन्याच्या 2014 च्या विधानसभा निवडणुकीवरून झालेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे प्रमाणपत्र आवश्यक असल्याचे 2020 मध्ये स्पष्ट केले. त्या खटल्याची तारीखही पाहून ठेवा : अंतिम निकाल लागला तेव्हा त्या विधानसभेची मुदत संपून पुढची निवडणूकही होऊन गेली होती. निवडणूक याचिका सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षातला वेग हा असा आहे. कोर्टावर भिस्त ठेवून गप्प बसू नका असे मी स्वतः वकील असून सांगते, ते यासाठी.

छापील पत्रक वाटले गेले असेल, तर ते उलटून पाहा. त्यावर मुद्रक आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता असणे लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम 127अ नुसार बंधनकारक आहे. नसेल, तर मजकूर खरा की खोटा या वादात न पडताही तक्रार होते आणि ती लवकर हलते. निवडणूक विधानसभेची वा लोकसभेची असल्यास भारत निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवर तक्रार करता येते, पण चित्रण त्या ॲपमधूनच जागेवर करावे लागते, मोबाइलमधले जुने चालत नाही. महापालिकेची निवडणूक असल्यास आपल्या प्रभागाच्या निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या.

पत्रानंतर नानांनी ते वाक्य सोडले, तर विषय तिथेच थांबवा आणि आपण सांगितले म्हणून सोडले असे कोणाला सांगू नका. पुन्हा बोलले, तर पुढच्या कोपरा सभेत उभे राहून, आवाज न चढवता, एवढेच विचारा : ‘नाना, मी अमुक तारखेला आपल्याला पत्र दिले होते, त्याचे काय झाले?’ त्यासाठी पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर त्यांच्या कार्यालयातील कोणाची तरी सही आणि तारीख घेऊन ठेवा. दोन्ही प्रती एकाच दिवशी तयार करा, आणि पोच मिळाली नाही तर स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपा.